ताजे अंडे सोलताना का चिकटते?

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड, जि. जालना) गावात अंडे दोन वाटांनी स्वयंपाकघरात येते. एक वाट अंगणातल्या खुराड्यातून, दुसरी किराणा दुकानातील ट्रेमधून. चवीचा विषय निघाला की मान गावरान अंड्याला मिळतो. परंतु उकडून सोलायची वेळ आली की तेच अंडे घात करते. टरफलासोबत पांढऱ्या भागाचे लचके निघतात आणि मुलाच्या ताटात खड्डे पडलेले, निम्मेअर्धे अंडे येते. बोल बहुधा उकडणाऱ्या बाईला लावला जातो. वस्तुतः दोष तिच्या हाताचा नसून अंड्याच्या ताजेपणाचा असतो.

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा सामू साडेसातच्या आसपास राहतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात; त्यांतून हा वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू नऊच्या वर चढतो. सामू कमी असताना अंडे उकडले, तर पांढऱ्या भागातील प्रथिने टरफलाच्या आतील पापुद्र्याला घट्ट बिलगतात. सामू वाढला की ही पकड सैल होते. याच काळात थोडा ओलावाही उडतो आणि बोथट टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते. दुकानातील अंडे प्रवासात व साठवणीत काही दिवस काढूनच येते, म्हणून ते मुकाट्याने सोलले जाते. शिळेपणाचा एवढाच काय तो गुण!

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पांढऱ्या भागात असतात. टरफलाला चिकटून उकिरड्यावर जाते ते हेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला; जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागाचा मार्ग सुचविण्यात आला. लोकवर्गणीतून आलेले अंडे वाया घालवणे कोणत्याही शाळेला परवडणारे नाही, आणि गावातूनच गोळा झालेली अंडी ताजी असण्याचाच संभव अधिक.

ताजे अंडे सोलायचे तर ते थंड पाण्यात घालून तापवत नेण्याची सवय सोडावी लागते. पाणी हळूहळू तापले की प्रथिनांना पापुद्र्याला चिकटायला सवड मिळते. उलट, आधी पाणी खळखळून उकळावे आणि मग झाऱ्याने अंडी अलगद सोडावीत. बाहेरचा थर झटक्यात गोठतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. नंतर आच मंद करून ११ ते १२ मिनिटे पुरेशी होतात. फ्रिजमधील अंडी थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवावीत, अन्यथा तडकण्याचा धोका असतो. पंगतीएवढी अंडी एकदम पातेल्यात लोटल्यास पाणी थंडावते आणि सगळी मेहनत फुकट जाते. अशा वेळी दोन बोटे पाणी उकळून, जाळीवर अंडी मांडून, झाकण ठेवून वाफवणे उत्तम. इडलीपात्र असेल तर आणखी काही शोधायला नको.

पाण्यात मीठ घातल्याने टरफल सुटते, हा समज मात्र फारसा खरा नाही. मिठाचा उपयोग वेगळा: अंडे तडकलेच तर बाहेर येणारा पांढरा भाग खारट पाण्यात लवकर गोठतो आणि गळती थांबते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी होऊन किंचित मदत होते, एवढेच.

उकडलेली अंडी लगेच माठातील गार पाण्यात टाकून दहा मिनिटे ठेवावीत. आतला भाग आकसतो आणि शिजणेही थांबते. असे न केल्यास बलकातील लोह व पांढऱ्या भागातील गंधक यांचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नसले तरी मुले नाक मुरडतात. त्यानंतर टरफल सर्व बाजूंनी टिचवून बोथट टोकापासून, शक्यतो पाण्यातच, सोलायला घ्यावे. बोट पापुद्र्याखाली शिरले की टरफल सलग निघून येते.

हाताशी वेळ असेल तर गावरान अंडे न धुता आठवडाभर गार जागी ठेवून मग उकडावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा अंडे पाण्यात सोडून पाहावे: आडवे पडले तर ताजे, तळाशी उभे राहिले तर जुने पण खाण्याजोगे, आणि तरंगले तर फेकून द्यावे.