राबते सून, पैसा कुणाच्या नावावर?
सांभाळणाऱ्यांचा हिशेब : भाग 4

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांचे अर्ज तहसीलमधून कसे पुढे सरकतात, ते मागच्या भागात पाहिलं. दोन्हींत पैसा येतो तो निराधाराच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या नावावर. त्याला उठवणारं, बसवणारं, न्हाऊ घालणारं माणूस त्या कागदांत कुठेच नाही.

बुलढाणा जिल्ह्यात ते माणूस बहुतेक घरांत सून असतं, नाहीतर आई. मेहकर-लोणारकडे सोयाबीनची सोंगणी लागली की लकवा मारलेला रुग्ण असलेल्या घरात एका बाईची मजुरी बुडते. 2025-26 मध्ये रोजगार हमीचा राज्यातला दर दिवसाला 312 रुपये होता आणि निराधार अनुदान महिन्याला 1500. पाच दिवसांची मजुरीसुद्धा नाही. दिव्यांगांसाठी ते 2500 केलं, तरी आठच दिवस. पुण्यात ब्युरोतून मावशी ठेवता येते. संग्रामपूरकडच्या खेड्यात हातात पैसे असले तरी ती येणार कुठून? म्हणून ‘घरचं माणूस की बाहेरची बाई’ हा वाद आपल्याकडे अजून सुरूच झालेला नाही.

कायद्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. 2007 च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि नातवंडांवर टाकली. सून त्या व्याख्येत नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात तिला आणायचं होतं, ते मंजूर झालं नाही. मोबदल्याच्या यादीत तर ती नव्हतीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे, पण सरकारच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. (ही मर्यादा नेमकी अशाच कलमांच्या वेळी आठवते.) केरळने आश्वासकिरणम् योजनेत सांभाळणाऱ्यासाठीच महिन्याला 600 रुपये ठरवले. रक्कम किरकोळ आहे, पण ती कुणाच्या कामाची हे तरी स्पष्ट झालं.

जर्मनीत 1995 पासून काळजी विमा आहे. तिथे घरच्यांकडून सेवा घेतली तर रोख मिळते, बाहेरचा सेवक घेतला तर बरीच जास्त किमतीची सेवा. 2025 मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णासाठी हे आकडे 599 आणि 1497 युरो होते. काम तेच, घरचं म्हणून स्वस्त. रोख घेणाऱ्यांकडे मात्र ठरावीक काळाने जाणकार माणूस जाऊन पाहून येतं.

घरचे पैसे लाटतील आणि म्हातारी पाठीला जखमा होऊन पडून राहील, या भीतीला असं येऊन पाहणारं माणूस हे उत्तर आहे. मला दुसरी भीती मोठी वाटते : भत्ता सुरू झाला की सून त्या बाजेलाच जखडली जाईल. त्यामुळे भत्ता थेट तिच्या खात्यात हवा, आणि महिन्यातले काही दिवस तिच्या जागी पगारी बाहेरची बाईही हवी. हे कामही आशाताईंवरच टाकायचं सरकारच्या मनात आधी येईल. त्यांना आजच कामागणिक मोबदला मिळतो. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.