हद्द आणि हक्क

शेजाऱ्याने वारंवार आपल्या आवारात शिरावे, ही तक्रार रास्तच. परंतु मालकी हक्कालाही मर्यादा आहे. बिहारमध्ये १९५९ साली घरच्या शौचकूपाची भिंत पडल्याने एक स्त्री शेजाऱ्याच्या शौचकूपात जाऊ लागली. मालकाने तोंडी हरकत घेतली; पुढे वाटेवर उघडी तार बांधून तीत वीज सोडली, धोक्याची सूचना मात्र दिली नाही. ती स्त्री प्राणास मुकली. अनधिकाराने शिरलेल्या माणसालाही कायद्याचे संरक्षण आहे, हे स्पष्ट करून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मालकाचे अपील फेटाळले. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. हद्द राखण्यास भिंत आहे, दिवाणी न्यायालय आहे. मृत्यूचा सापळा लावण्याचा हक्क मात्र कोणत्याही खरेदीखताने मिळत नाही.