स्पोर्टचं बटण आणि सासूबाईंचा एसी

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सासूबाईंना डोळे दाखवायला मुंबईला न्यायचं होतं. लोकलच्या गर्दीत त्यांना चढवायची आता हिंमत होत नाही, म्हणून चिरंजीव म्हणाले, ‘‘आजी, आपल्या गाडीनेच जाऊ या.’’ आपली गाडी म्हणजे वर्षभरापूर्वी घेतलेली छोटी इलेक्ट्रिक कार. सकाळी बोईसरहून पूर्ण चार्ज करून दोघं निघाले. संध्याकाळी परतताना मात्र मनोरच्या अलीकडेच बॅटरीने मान टाकली. मग एसी बंद, काचा खाली, मागे-पुढे कंटेनर, आणि सीटवर डोळ्यांत औषध घातलेल्या सासूबाई! कशीबशी गाडी घरी आली. पदराने घाम पुसत सासूबाईंनी निकाल दिला, ‘‘विकून टाका ती. आपली पेट्रोलचीच बरी होती.’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला. अहो, चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती हिच्यावरच. क्लच नाही, गिअर नाही, चढावर बंद पडायची भीती नाही. त्याआधी पालघरला जायचं म्हणजे गाडीची वेळ गाठा, नाहीतर रिक्षात पाय आखडून बसा. आता बचत गटाचे कागद घेऊन कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात मी एकटी जाऊन येते. गाडी गेली की माझं हे जाणंयेणंही गेलं.

रात्री चिरंजिवांना खोदून विचारलं तेव्हा कळलं, स्वारी दिवसभर ‘स्पोर्ट’ मोडवर होती. ‘‘तेच ते! बटणाने चार्ज खाल्ला,’’ हे म्हणाले. मला काही ते पटेना. बटण कसं वीज खाईल? गाडीबरोबर आलेली पुस्तिका आमच्याकडे गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तकांखाली पडली होती, ती काढली. जमेल तेवढं वाचलं, इकडेतिकडे विचारलं, आणि जे समजलं ते सांगते.

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत असे मोड असतात. 2020 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीत ड्राइव्ह आणि स्पोर्ट होते, 2022 च्या टिआगो ईव्हीत सिटी आणि स्पोर्ट. स्कूटरवाल्या मैत्रिणींना इको आणि पॉवर ठाऊक असेलच. एकच मोटर असलेल्या गाडीत हे बटण मुख्यतः एकच काम करतं. पाय किती दाबला की मोटरने किती जोर लावायचा, ते ठरवतं. सिटीत पाव पाय दाबला तर गाडी हळूच सरकते, स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला उसळी घेते. म्हणजे गॅसची शेगडी तीच, सिलेंडर तोच, फक्त नॉब जरासा फिरवला की ज्योत भडकते. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने शांतपणे चालवलं तर दोन्ही मोडमध्ये जवळपास सारखीच वीज लागते. (काही गाड्यांत इको मोड एसीलाही लगाम घालतो, तो फरक वेगळा. आणि 2025 मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीसारख्या गाडीचा दोन मोटरींचा प्रकार असेल, तर कोणत्या मोडला दोन्ही मोटरी कामाला लागतात ते पुस्तिकेत पाहा.)

मग चार्ज गेला कुठे? पायात!

जरा हिशेब मांडू या. माणसांसकट साडेतेराशे किलोची छोटी गाडी थांबलेली असताना साठच्या वेगाला न्यायची, तर तिच्या अंगात सुमारे एक विसांश युनिट वीज घालावी लागते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या बिलावरचंच बरं का. हाच वेग ऐंशीवर नेला तर पावणेदोन पट. आता बोईसरचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसीची शिफ्ट सुटलेली, गतिरोधक, खड्डे, मध्येच आडवा येणारा टेम्पो. दोन गतिरोधकांमधल्या जागेत स्पोर्टवाला ऐंशीला पोचतो आणि लगेच ब्रेक मारतो. पाय उचलल्यावर मोटर थोडी वीज बॅटरीत परत घालते हे खरं, पण सगळी नाही. करकचून ब्रेक मारला तर बरीचशी चाकांपाशी उष्णता होऊनच जाते. त्यात जोरात उसळी घेताना बॅटरीतून करंट भसाभस निघतो. करंट दुप्पट झाला की तारांमध्ये वाया जाणारी उष्णता चौपट. इस्त्री लावल्यावर एक्स्टेन्शनची वायर गरम होते, तसंच.

हायवेवर तर गंमतच वेगळी. तिथे उसळी नाही, वाराच वीज खातो. ऐंशीऐवजी शंभरने गेलं तर वाऱ्याशी झगडायला दर किलोमीटरला दीडपटीहून जास्त वीज लागते, मग मोड कुठलाही असो. पेट्रोलच्या गाडीत असं उधळलेलं आपल्याला लगेच कळत नाही, कारण वाटेत पंप पुष्कळ. चोवीस युनिटांच्या बॅटरीत लपवणार किती? टिआगो ईव्ही आली तेव्हा या बॅटरीवर 315 किलोमीटरचा आकडा प्रमाणित झाला होता, पण ती चाचणी रोलरवर, ठरावीक चालीने होते आणि तिच्यात वेग नव्वदच्या वर जात नाही. आमच्या वाऱ्याचा, उन्हाचा आणि चिरंजिवांचा त्यात हिशेब नसतो.

वाचून यांचं समाधान होईना. मग मी किराणाच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखले. दोन आठवडे पालघरला गेले, एकदा सिटीवर, एकदा स्पोर्टवर, पण चाल माझीच. निघतानाची आणि परतल्यावरची टक्केवारी लिहिली. फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, तोही कधी इकडे तर कधी तिकडे. स्पोर्टचं बटण दाबताच पडद्यावरचे ‘उरलेले किलोमीटर’ मात्र धाडकन उतरायचे. पहिल्यांदा मीही घाबरले. तो नुसता गाडीचा अंदाज असतो, बॅटरीतला चार्ज तेवढाच असतो. मग चिरंजिवांना मुद्दाम सिटी मोडवर हायवेला पाठवलं. त्यांनी शंभरने पळवली आणि टक्के पूर्वीसारखेच भराभर उतरले. वही मी जेवणाच्या टेबलावर ठेवली, काही बोलले नाही.

स्पोर्टला मी वाळीत टाकलेलं नाही हं. चिल्हार फाट्याच्या रस्त्यावर लांबलचक ट्रेलर पुढे असला, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला, तर मी ते बटण दाबते, चटकन पुढे निघते आणि लगेच सिटीवर येते. अशा वेळी अर्ध्यात रेंगाळण्यापेक्षा चार पैशांची वीज गेलेली परवडली. वाघोबा खिंडीत मात्र ते बटण विसरायचं. शंभर मीटर उंची चढायला साधारण तिसरा हिस्सा युनिट लागतंच, उसळ्या मारून ते कमी होत नाही. उतरताना पाय उचलून गाडीला तिच्या चालीने सोडली तर त्यातलं थोडं परत मिळतं. घरून नुकतीच शंभर टक्के भरून निघाली असेल तर तेही नाही, भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार?

जूनमध्ये सासूबाईंची पुन्हा तपासणी होती. गाडीचा विषय निघताच त्यांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, ‘‘एकदाच चला. पटलं नाही तर मीच गिऱ्हाईक शोधते.’’ जाताना मी चालवली, ऐंशीच्या आत. येताना चिरंजिवांच्या हाती दिली आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. चालवताना किती वीज जातेय ते दाखवणारा काटा त्यांना बोटाने दाखवून ठेवला. नव्या चष्म्यातून त्यांना तो स्वच्छ दिसत होता. विरार मागे पडलं तसा चिरंजिवांचा पाय शिवशिवायला लागला. एसीच्या झोतात पदर सारखा करत सासूबाई म्हणाल्या, ‘‘अरे, काटा चढला बघ.’’

मनोर येईपर्यंत त्या तेच म्हणत होत्या.