निकामी यंत्रांची विल्हेवाट

बंद पडलेला मोबाइल, जळालेला मिक्सर, काचेच्या जाड नळीचा जुना टीव्ही, अशा वस्तू आपल्या घरांतून सहसा लगेच बाहेर जात नाहीत. त्या काही वर्षे माळ्यावर काढतात, आणि दिवाळीच्या झाडलोटीत कोणाचे तरी मन घट्ट झाले म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. चार पैसे पदरात पडले की घरधन्याच्या लेखी व्यवहार मिटतो. वास्तविक त्या यंत्रातील विषाचा प्रश्न तेथूनच पुढे उभा राहतो.

दिल्लीतील सीलमपूर येथे, त्याचप्रमाणे उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत, असल्या मोडतोडीवर हजारो कुटुंबे गुजराण करीत आली आहेत. तांबे मोकळे व्हावे म्हणून तारांची भेंडोळी उघड्यावर पेटवितात, आणि वरच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये असतात. सर्किटच्या पाट्या शेगडीवर तापवून, डाखातले शिसे वितळले की चिमट्याने सुटे भाग उपटतात. मग सोन्याच्या अत्यल्प अंशासाठी त्या पाट्या तीव्र आम्लात बुडवून, निरुपयोगी झालेले आम्ल गटारात ओततात. हे सारे बहुधा हातमोज्यांवाचून चालते, आणि त्या धुरात लहान मुलेही वावरत असतात.

तथापि भंगारवाल्याला दूषण देणे अन्यायाचे होईल. दारोदार हिंडून वस्तू गोळा करण्याची त्याची हातोटी अमोल आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने तिचा सदुपयोग करून दाखविला आहे. दोष आहे तो मोडतोडीच्या रीतीचा. टोकियो ऑलिंपिकची पदके घडविण्यासाठी जपानने जनतेकडून सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे जमविली, त्यांत ६२ लाख मोबाइल होते, आणि त्यातून ३२ किलो सोने निघाले. योग्य कारखान्यात गेलेली अडगळ ही अशी खाण ठरते.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या नियमावलीने उत्पादकांवर नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून ठरावीक प्रमाणात माल प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. गृहस्थाने मात्र वस्तू अखंड द्यावी, घरी उघडू नये. मोबाइलमधील माहिती पुसून टाकावी. घेणाऱ्याकडे नोंदणीची विचारपूस करून पावती मागावी. फुगलेली बॅटरी तर रोजच्या कचऱ्यात कदापि जाऊ देऊ नये, कारण घंटागाडीत दाबली जाताच ती पेट घेऊ शकते.