बोरी ते लेण्याद्री: कुकडीकाठची सायकलवारी

बोरी बुद्रुकहून सायकल काढायची ती चांगलं उजाडल्यावर. जुन्नर तालुक्यात हा नियम चेष्टेवारी नेऊ नये. उसाच्या फडात बिबट्या मुक्कामाला असतो, आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काही हौसेनं उभारलेलं नाही. शिवाय निघण्याआधी गावातच, कुकडीच्या काठी, अर्धा तास मोडायचा असतो.

नदीकाठच्या घळींत मातीच्या थरांमध्ये एक राखाडी-पांढरट पट्टा दिसतो. ती ज्वालामुखीची राख. सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीतूनच आला, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आणि इथल्याच भेगांतून. ही राख मात्र पाहुणी आहे, थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. गळून पडलेलं ढेकूळ चिमटीत चुरडलं तर पिठासारखं मऊ लागतं; सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पिठात काचेचे धारदार कपचे दिसतात. इथंच आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आणि मग वाद पेटला. राख टोबाच्या 74 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानायची, की त्याहून कित्येक लाख वर्षं जुन्या स्फोटाची? हत्यारांचं वय या उत्तरावर ठरणार. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरू, शीला मिश्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या काठावर बरंच काम केलं. एवढ्या मोलाचा थर पिशवीत भरून न्यायचा नसतो, हे सांगायला लागू नये.

शेजारीच खोडद. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी चौदा या परिसरात एकवटल्या आहेत. एकेकीचा व्यास 45 मीटर. कांदा-टोमॅटोच्या वावरांमागे त्या दिसल्या की सायकलस्वार पाय टेकतोच.

पुढचा थांबा आळे. पैठणला ज्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथं आहे. पैठणहून नेवासेमार्गे आळंदीकडे परतताना ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांसोबत निघालेल्या रेड्यानं आळ्यात देह ठेवला, अशी परंपरा सांगते. माणसांच्या समाध्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. मुक्या जनावराच्या समाधीपुढं वारकरी हात जोडतो, हे दृश्य विरळाच.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथं खाली उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही. गाळप हंगामात उसाच्या जोडट्रॉल्यांपासूनही चार हात लांब राहिलेलं बरं.

ओझरला पुन्हा कुकडी भेटते, पण येडगाव धरणाच्या फुगवट्यामुळं ती इथं तलावासारखी पसरलेली. विघ्नेश्वराच्या देवळाला तटबंदी आहे, दीपमाळा आहेत आणि झळाळता कळस आहे. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी तो सोन्यानं मढवला, असं सांगतात.

तिथून लेण्याद्री पंधराएक किलोमीटर. अष्टविनायकांपैकी डोंगरावरच्या लेण्यात वसलेला हा एकमेव गणपती, आणि दिवसभर पेडल मारलेल्या मांड्यांची खरी परीक्षा इथल्या तीनशेच्या आसपास पायऱ्यांवर होते. गिरिजात्मज ज्या सातव्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. पन्नास फुटांहून लांब-रुंद दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि मधे एकही खांब नाही. शेजारच्या सहाव्या लेण्यातलं चैत्यगृह न पाहता खाली उतरणारे भाविक पुष्कळ. सायकलवाल्यानं तरी तसं करू नये. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेमुळं जुन्नरभोवती लेण्यांची एवढी दाटी झाली, हे त्या दोन लेण्यांत उभं राहिल्यावर नीट उमगतं.

एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट नसावा. अंधाराआधी बोरी गाठणं जमत नसेल, तर ओझर किंवा लेण्याद्रीच्या भक्तनिवासात मुक्काम ठोकावा. शिवनेरी तिथून जवळ आहे, सकाळी तोही पाहून होईल.