जुना संगणक, लिनक्स आणि वायफायचा डोंगल

गावातील पुष्कळ घरांत आता एखादा जुना संगणक असतो. कोणाला शहरातल्या भावाने दिलेला, तर कोणी थोरल्या मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला. त्यावर सातबारा काढता येतो, बाजारभाव पाहता येतात, महाडीबीटीवर अर्ज भरता येतो आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींचा अभ्यासही होतो. पण विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढत नाही. मग "हा मोडीत घाला, नवा घ्या" असा सल्ला मिळतो. नव्या संगणकाचे पैसे म्हणजे शेतकऱ्याच्या घरी एका हंगामाचे बी-खत. तेव्हा तो सल्ला मानण्याआधी लिनक्सचा विचार जरूर करावा.

लिनक्स म्हणजे काय?

संगणक चालवणारी ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते, सुधारता येते. या विचाराची सुरुवात एका छपाईयंत्रावरून झाली असे म्हटले तर नवल वाटेल. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना तिथल्या छपाईयंत्राची आज्ञावली सुधारायची होती, पण ती त्यांना दिली गेली नाही. पुढे १९८३ साली त्यांनी सर्वांना खुली असेल अशी प्रणाली उभारण्याचे जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. मिंट, उबुंटू, डेबियन ही त्याचीच वाणे. आपल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाचे वाण तयार केले आहे.

अडते कुठे?

बहुतेकांची गाडी वायफायपाशी अडते. यूएसबीत डोंगल खोचला तरी जाळे दिसत नाही. याचे कारण समजून घ्यावे. डोंगलच्या पोटात एक चिप असते. प्रणाली आणि चिप यांच्यामध्ये दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. काही चिपांना याशिवाय फर्मवेअर नावाची छोटी आज्ञावलीही लागते. पुष्कळ चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. ज्यांचे नसतात, तिथे अडचण येते.

बियाण्याची पिशवी तीच, पण आतला लॉट वेगळा, हा अनुभव आपल्याला आहेच. डोंगलचेही तसेच. एकाच नावाच्या डोंगलमध्ये कारखानदार काही काळाने वेगळी चिप घालतो. म्हणून खोक्यावरचे नाव नव्हे, आतली चिप ओळखावी.

क्रमाने असे करावे

पहिले : लिनक्स आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून तिथूनच संगणक सुरू करून पाहावा. त्याने आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. डोंगल खोचून वायफाय दिसते का ते इथेच कळते. दिसले तर निम्मे काम झाले.

दुसरे : दिसले नाही तर टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या लिपीत एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे सलग लिहावीत व एंटर दाबावे. जोडलेल्या वस्तूंची यादी येते. डोंगलच्या ओळीत चार-चार अक्षर-अंकांचे दोन गट दिसतील. पहिला गट कारखानदाराचा, दुसरा वस्तूचा. हा क्रमांक वहीत उतरून घ्यावा. चिपेचा शोध त्यावरूनच लागतो.

तिसरे : काही डोंगल प्रथम सीडी असल्याचे सोंग घेतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. रिअलटेक चिपेच्या अशा डोंगलचा क्रमांक '०बीडीए:१ए२बी' असा दिसतो. पडद्यावरची ती सीडी 'इजेक्ट' केली की बहुधा डोंगल खऱ्या रूपात येतो आणि क्रमांकही बदलतो.

चौथे : ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! यावर सोपा तोडगा आहे. मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मग आधी संपूर्ण प्रणाली अद्ययावत करावी. गाभा नवा असला की चिपांची ओळख वाढते. उदाहरणार्थ, रिअलटेकच्या ८८२१सीयू चिपेचा ड्रायव्हर २०२३ साली गाभ्याच्या ६.२ आवृत्तीत आला.

पाचवे : एवढ्यानेही भागले नाही तर बाहेरून ड्रायव्हर घ्यावा लागतो. तो 'डीकेएमएस' पद्धतीने बसवावा, म्हणजे गाभा बदलला की तो आपोआप पुन्हा बांधला जातो. नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणानंतर वायफाय पुन्हा गायब होते. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर असा ड्रायव्हर सहीशिवाय स्वीकारला जात नाही, हेही ध्यानात असावे. अनोळखी माणसाने सांगितलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय मुख्य परवानगीने चालवू नये.

नवा डोंगल घेताना

कधी कधी धडपडीपेक्षा डोंगल बदलणे स्वस्त पडते. एआर९२७१ चिपेचा ड्रायव्हर २०१० पासून, तर मीडियाटेकच्या एमटी७६०१यू चिपेचा २०१५ पासून गाभ्यात आहे. दुकानदाराला चिप विचारावी आणि चालला नाही तर परत घेण्याचे आधीच ठरवून घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या पोचतात. पत्र्याची भिंत मात्र लहरी अडवते. तिथे यूएसबीची लांब केबल लावून डोंगल खिडकीशी न्यावा.

एक गोष्ट आधीच पाहावी. घरातले एखादे काम केवळ विंडोजवरच चालणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असेल, तर पेनड्राइव्हवरच त्याची खात्री करावी. आणि विंडोज पुसण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

वायफाय सुरू झाले की चिपेचे नाव, क्रमांक आणि केलेला उपाय वहीत लिहून ठेवावा. उद्या शेजारच्या घरी तोच डोंगल अडला, तर त्यांची शहराची खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचेल.