पेशीच्या दप्तरातील दुरुस्ती

हैदराबादच्या कोठी भागात एका बाजूस उस्मानिया मेडिकल कॉलेजचे वर्ग भरतात, दुसऱ्या बाजूस पदपथावर जुन्या पुस्तकांच्या राशी मांडलेल्या असतात, आणि या दोहोंच्या मध्ये पानाचे डबे आपला व्यवहार बिनदिक्कत चालवीत असल्यामुळे, जर्द्याचा विडा गालात धरून शरीरविज्ञानाच्या ग्रंथासाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचे येथे कोणास नवल वाटत नाही.

त्या गालात मात्र एव्हाना बरेच काही सुरू झालेले असते. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये शरीरातील विकरांच्या क्रियेने अधिक उग्र बनतात व पेशीच्या केंद्रकातील डीएनएला जाऊन चिकटतात. या डीएनएवर सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांची संहिता दोन प्रतींत लिहिलेली असते आणि पेशीचा सारा कारभार तिच्याच हुकुमाने चालतो. ही संहिता अक्षय आहे, हा पूर्वीचा समज शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी खोटा ठरविला. तंबाखूस कधी न शिवलेल्या माणसाच्याही एकेका पेशीत ती रोज हजारो ठिकाणी बिघडते. सायटोसिन हे अक्षर तर निव्वळ पाण्याच्या सान्निध्याने युरॅसिल बनते. एक विकर हे उपरे अक्षर नेमके हेरून छाटते, दुसरे रिकामी जागा भरते, आणि मूळ अक्षर कोणते याचा दाखला समोरच्या धाग्यावरून मिळतो. दप्तरखान्यात कसर लागलेला कागद नकलेवरून पुरा करावा, तसाच हा प्रकार. डीएनएच्या दुरुस्तीविषयीच्या शोधांबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुरुस्ती होईतो पेशीचे विभाजन थांबविणे, आणि ती अशक्य ठरल्यास पेशीस आत्मनाशाचा मार्ग दाखविणे, ही जोखीम पी५३ नामक प्रथिनाकडे असते. कर्करोगाच्या सुमारे निम्म्या अर्बुदांत याच प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. मग चुकीची नक्कल पुढच्या पिढीस जाते, तीत नव्या चुकांची भर पडते, आणि वर्षानुवर्षांच्या अशा संचयातून रोग उद्भवतो. एवढ्या रोजच्या पडझडीत तो सर्वांस होत नाही, हेच मला अधिक विस्मयकारक वाटते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा डीएनएच्या दुपेडी रचनेचा उलगडा होण्यास आणखी नऊ वर्षे अवकाश होता. कारणाचा माग लोकांच्या पान-तंबाखूच्या सवयींतून घेणे त्यांना भाग होते, आणि तो त्यांनी घेतला. सुपारीही निर्दोष नाही. तंबाखूविरहित विडादेखील कर्कजनक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पुढे दिला.

उपचारांनीही आता रोगट पेशीच्या दुरुस्तीतील दौर्बल्याचा फायदा घेतला आहे. किरणोपचाराने डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, आणि दुरुस्तीची व्यवस्था ढासळलेल्या रोगट पेशी त्या आघाताने पुष्कळदा निरोगी पेशींच्या आधी मरतात. दुरुस्तीस लागणारी बीआरसीए जनुके निकामी झालेल्या स्तनाच्या व अंडाशयाच्या काही कर्करोगांत ओलापारिबसारखे औषध दुरुस्तीची आणखी एक वाट अडविते. निरोगी पेशी बीआरसीएच्या बळावर तरून जाते, रोगट पेशीस मात्र तो आधार उरलेला नसतो.